बोटभर माया

मे महिन्यात रत्नागिरीत माणूस नुसता बसला तरी घामाने भिजतो. अशा उकाड्यात आमचे सुर्वे टेलर हातात काळा, जाड, मनगटाच्या वर येणारा हातमोजा चढवायचे, बंदरावर जायचे आणि जैबूनच्या माशांच्या पेटीत कोपरापर्यंत हात खुपसून उभे राहायचे. खाली बर्फ, वर बर्फ आणि मध्ये सुरमयांच्या शेजारी सुर्वेकाकांचा हात. डोळे मिटलेले असायचे. मधूनच आतल्या आत मूठ मिटायचे, उघडायचे आणि पुटपुटायचे, "शिरला."

म्हणजे पाणी शिरलं.

पहिल्यांदा जैबूनने आरडाओरडा केला होता. धंद्याच्या वेळी हा काय तमाशा, म्हणाली. आता तीच गिऱ्हाइकांना सांगते, "तो हात विकायचा नाय. बाकी काय पायजे ते घ्या."

माझं औषधांचं दुकान सुर्वेकाकांच्या दुकानासमोर, खालच्या आळीत. बर्फाने बोटं सोलवटली की मलम ते माझ्याकडूनच नेतात. त्यामुळे त्यांच्याविषयी चार शब्द सांगायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

काकांना समजून घ्यायचं तर आधी 'माया' समजून घ्यायला हवी. शिवताना कापडाची जी जादा पट्टी शिवणीच्या आत दुमडून सोडतात, तिला माया म्हणतात. पोर वाढलं, पोट सुटलं, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. टेलर कापड चोरतात अशी सगळ्या गावाची तक्रार असते. काका उरलेलं सगळं कापड आतच ठेवून द्यायचे. "बोटभर ठेवलीय," असं सांगायचे. "पोरगा काय एवढाच ऱ्हानार हाय?" अख्खं शिक्षण मी त्यांच्या एका खाकी पँटीत काढलं असं आमच्या घरी सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, फार नाही.

आता सगळं उलटं झालंय. "माया नको" हे त्यांचं पालुपद. शर्ट अंगाला असा बसवतात की गणपतीत मोदक खाल्लेल्या माणसाला दसऱ्याला दुसरा शर्ट शिवावा लागतो. उसवून बघावं तर आत काही नाही. एका नवरदेवाची पँट भर मांडवात मागून फाटली. तो भांडायला आला तेव्हा काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "उसवली ना? पानी तरी नाय ना शिरला?" नवरदेवाला वाटलं म्हातारा चळला. गिऱ्हाईक निम्म्याने तुटलंय ते उगीच नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमाराला तर ते बुटांच्या दुकानात जाऊन उभे राहतात. आया पोरांना एक नंबर मोठा बूट घेतात आणि पुढे कापूस कोंबतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. काका मध्ये तोंड घालतात.

"बाय, मोठा नको घेव."

"काका, वरीसभर टिकाया नको?"

"पोर टिकाया पायजे."

असं बोलल्यावर कोण बूट घेईल? दुकानदार त्यांना चहा पाजतो आणि दंडाला धरून बाहेर आणून सोडतो. माणूस भला आहे. मी असतो तर चहा पाजला नसता.

हे कशावरून सुरू झालं ते आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी बोलत नाही. दीपू हा काकांचा एकुलता एक मुलगा. त्याची आई तो शाळेत जायच्या आधीच गेली. कापडाच्या चिंध्यांत खेळत तो मशीनच्या पायाशीच वाढला. हॉटेलचं शिकला आणि आयर्लंडला, समुद्रकाठच्या एका गावात, हॉटेलच्या किचनमध्ये लागला. तिथे त्याला सर्फिंगचा नाद लागला. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारत आत जायचं आणि लाट उठली की तिच्यावर उभं राहायचं. तिकडे चांगल्या लाटा ऐन थंडीतच येतात, तेव्हा रबरी हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय पाण्यात पाय घालता येत नाही. दीपूने तिथल्या दुकानातून काकांना फोन लावला, कुठल्या मापाचे घेऊ? खरं तर त्याला विचारायची काही गरज नव्हती. पण त्याने जन्मात एक कपडा बापाला न विचारता घेतला नव्हता.

"एक नंबर मोठाच घे," काका म्हणाले. "आत लोकरीचे मोजे जातील. बोटभर माया असू दे."

आपल्याकडच्या कुणीही हेच सांगितलं असतं.

गार पाण्याचा हिशेब वेगळा असतो. बूट सैल असला की त्यात पाणी भरतं, ते अंगाच्या उबेने तापायच्या आत नवं गार पाणी शिरतं, पाय बधिर होतो. हातमोजा सैल असला की बोटांना फळी धरवत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी दीपू आत गेला. फळी त्याच दिवशी किनाऱ्याला लागली, तो दुसऱ्या दिवशी. तिथल्या डॉक्टरांनी, पोलिसांनी, कुणीच बुटांचं नाव काढलं नाही. पाण्याला ओढ फार होती, एवढंच सांगितलं. पण त्याच्या सामानात ते हातमोजे आणि बूट आले. काकांनी दुकानाच्या पायरीवर बसून एका बुटात तांब्याभर पाणी ओतलं. ते आतच राहिलं. त्या दिवसापासून काकांच्या शिवणीतली माया गेली.

माझी मुलगी सायली नर्स आहे. गेल्या वर्षी तीही आयर्लंडला गेली, दुसऱ्या टोकाच्या गावात. थंडी सुरू होताना तिचा फोन आला, हॉस्पिटलातल्या बायका सर्फिंगला जातात, मीही जाणार आहे. तिच्या आईने तिला नाही नाही ते ऐकवलं. मी तिकडच्या थंडीचीच चौकशी करत राहिलो, कारण दुसरं काही बोललो असतो तर दीपूचं नाव बाहेर पडलं असतं.

"बाबा, माझ्या लक्षात आहे," सायली म्हणाली. "भाट्याच्या खाडीत मला पोहायला दीपूदादानेच शिकवलंय. हातमोजे-बूट मी काकांना विचारून घेणार."

"त्या माणसाला विचारू नको," मी म्हणालो. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण? तिने थेट काकांना फोन केला.

शनिवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून माझ्या दुकानात आले. हातात दीपूचा हातमोजा होता. "फोन लाव. बाय दुकानात पोचली असंल."

काउंटरवर खोकल्याच्या बाटल्यांना टेकवून मी फोन उभा केला. पलीकडे सायली, तिच्यामागे एक म्हातारा दुकानदार आणि भिंतभर काळे हातमोजे. पहिला जोड फार जाड होता, दोन-दोन बोटं एकत्र, खेकड्याच्या नांग्यांसारखा.

"उबदार हाय?"

"खूप."

"गाठ मारून दाखव."

सायलीने बुटाची नाडी घेतली. गाठ काही जमेना.

"काढ तो. फळीची दोरी काय नांगीनं धरनार?"

दुसरा पातळ होता, पाच बोटांचा. गाठ बसली. मग मूठ मीट, उघड, धर, सोड, असा पाठ झाला. पाण्यात घालायच्या रबरी सूटची बाही हातमोज्याच्या वरून ओढायला लावली. खोकल्याचं औषध न्यायला आलेले दोघेजण खोकायचं थांबवून बघत होते.

मग बूट. अंगठ्याला वेगळी जागा असलेले, बैलाच्या खुरासारखे. सायलीने आपल्या मापाचा घातला. "लहान घे," काका म्हणाले. तिने लहान घेतला. "आनखी लहान." तो चढवताना सायलीचा चेहरा वाकडा झाला. "उभी ऱ्हा. चवड्यावर चाल. माया नाय ना उरली? बास. हाच घे."

दुकानदार पुढे आला. सायलीच्या पावलावर बोट ठेवून तो बराच वेळ काहीतरी सांगत राहिला.

"काका, ते नको म्हणतायत," सायली म्हणाली. "इतका घट्ट असला तर रक्त फिरत नाही, पाय जास्तच गारठतो. थोडी..." ती अडखळली. तिला दुसरा शब्द सापडला नसावा. "थोडी माया लागते म्हणतात."

काकांनी गळ्यातला टेप काढून मुठीत घेतला. मला वाटलं, आता उठून जातील.

"केवढी?" त्यांनी विचारलं. "इचार त्याला. केवढी?"

सायलीने विचारलं. म्हाताऱ्याने बोट फोनसमोर धरलं आणि नखाची कड दाखवली.

काकांनी स्वतःचं बोट वर केलं, नखाकडे पाहिलं, मग त्या अख्ख्या बोटाकडे पाहिलं.

"मी बोटभर सांगितली," ते म्हणाले.

सायली रडायला लागली. मलाही काउंटरखाली उगीच काहीतरी शोधावं लागलं.

"काका, मग मधला जोड घेऊ?"

"घे. आनि पान्यातनं भायेर आलीस की फोन कर. आदी मला, मग बापाला."

सायली आता रविवारी पाण्यात उतरते. तेव्हा आपल्याकडे दुपार कलंडलेली असते. ती बाहेर येईपर्यंत काका जैबूनच्या पेटीपाशी उभे राहतात, सोसेल तितका वेळ हात बर्फात, आणि आता हातमोजा घालत नाहीत. फोन वरच्या खिशात असतो. तो वाजला की जैबून ओल्या हातानेच तो काढून त्यांच्या कानाला लावते, कारण तोवर त्यांची बोटं मिटेनाशी झालेली असतात.