दुसऱ्या भागाची तपासणी

मेलिनो बेटाच्या नगरपालिकेने यंदाच्या जूनमध्ये सर्वानुमते ठराव केला की, 'उद्याची बोट' या विनोदी प्रेमपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे किंवा कसे, हे ठरविण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात यावी. त्याच बैठकीत पिण्याच्या पाण्याचाही विषय होता. तो वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. आम्हाला आलं नाही. पहिला भाग आमच्याच बेटावर चित्रित झाला, त्याला पाव शतक उलटून गेलं. अथेन्सची एक मुलगी एका दिवसासाठी येते, वारा सुटतो, बंदर अधिकारी बोटी बंद करतो, आणि बोट सुरू होईपर्यंत ती लिंबाच्या बागवाल्याच्या प्रेमात पडते, एवढीच गोष्ट. पण त्यात एक्स्ट्रा म्हणून बेटावरचं झाडून सगळं माणूस उभं होतं. देशभरचे लोक तो सिनेमा नायिकेसाठी बघतात. आम्ही नायिकेच्या मागे बघतो. ती धक्क्यावर रडते तेव्हा साऱ्या ग्रीसचे डोळे भरून येतात, आणि आमच्याकडे कुणीतरी शेजाऱ्याला ढोसून सांगतं, "तिच्या डाव्या खांद्यामागे बघ, टोपली घेऊन जातेय ती माझी आई."

आता दुसऱ्या भागात तीच नायिका पन्नाशीची होऊन परत येते आणि पुन्हा वारा सुटतो. चित्रीकरण गेल्या वर्षीच्या वसंतात झालं. एक्स्ट्रा पुन्हा आम्हीच, कारण दिग्दर्शकाला सगळं जसंच्या तसं हवं होतं.

प्रादेशिक कार्यालयाने कळवलं, दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा असल्यास बंदरावर पहिल्या भागाच्या चित्रीकरणाचा जो फलक आहे त्याशेजारी तेवढाच दुसरा फलक लावता येईल; नसल्यास लहान. नगराध्यक्ष प्रोद्रोमोस यांना लहान कोणतीच गोष्ट आवडत नाही. समितीचं मूळ ते.

पण समितीवर खरा जीव टांगला होता तो मिल्तोसचा.

मिल्तोस बोटीची तिकिटं विकतो. पहिला भाग आमच्या उघड्यावरच्या थिएटरात लागला त्या संध्याकाळी, मध्यंतरात, हातात चीजची गरम पुरी धरून त्याने थिएटरच्या मालकिणीला, अर्गिरोला, लग्नाचं विचारलं. थिएटरला छप्पर नाही आणि चारही बाजूंनी घरांच्या गच्च्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न निम्म्या बेटाने प्रत्यक्ष ऐकला. अर्गिरो म्हणाली, "एवढी घाई काय? दुसरा भाग निघाला की बघू." सगळ्या गच्च्या हसल्या. मिल्तोस हसला नाही. त्याला ती ठरलेली तारीख वाटली.

तेव्हापासून तो वाट बघत होता. तिनेही दुसऱ्या कुणाशी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विचारलं की ती मध्यंतरातली कॉफी महाग करायची. दुसरा भाग निघतोय ही बातमी आली त्या दिवशी मिल्तोसने कोट धुवायला टाकला आणि तो थिएटरच्या फाटकाशी उभा राहिला.

"अर्गिरो, आता?"

"आता काय?"

"दुसरा भाग."

"निघाला म्हणून काय झालं? पहिल्यासारखा निघायला हवा की नको? मेले काहीही काढतील, आणि मी लगेच डोक्यावर लग्नाचा मुकुट चढवून बसू?"

मूळ अटीला असं उपकलम जोडलं गेलं. मिल्तोसने मान हलवली, म्हणजे हलेल तेवढी हलवली. त्याची मान जरा वाकडी आहे. दोन्ही चित्रीकरणांत त्याला एकच काम होतं: नायिकेला खिडकीतून तिकीट द्यायचं आणि तिच्याकडे बघायचं. तिकीट त्याने दोन्ही वेळा दिलं. बघितलं मात्र भलतीकडेच, तिच्या कानाजवळून पलीकडे. पहिला दिग्दर्शक ओरडून थकला, दुसरा रडकुंडीला आला. पहिल्याच वेळी औषधाच्या दुकानवाल्या पोलिक्सेनीबाईंनी मानेचं दुखणं असल्याचं निदान केलं आणि तेव्हापासून त्या त्याला दर थंडीत मलम विकतात.

याच पोलिक्सेनीबाई समितीत शास्त्रीय सदस्य म्हणून घेतल्या गेल्या. नैतिक सदस्य पाद्री, पापा-फोतिस. अध्यक्ष अर्थातच प्रोद्रोमोस.

पहिल्याच बैठकीत अडचण निघाली.

"तुलना करायची तर दोन्ही भाग एकाच परिस्थितीत बघायला हवेत," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "मी औषधं तोलते, मला ठाऊक आहे. एका पारड्यात ओलं, एका पारड्यात वाळलं, असं चालत नाही."

"म्हणजे?"

"पहिला भाग आपण लाकडी खुर्च्यांवर बसून पाहिला. आता प्लास्टिकच्या आहेत."

अध्यक्षांनी लाकडी खुर्च्या शोधण्याचा आदेश काढला. त्या कोंबड्यांच्या खुराड्यांत, द्राक्षांच्या मांडवाखाली सापडल्या, आणि एक तर चर्चच्या घंटेखाली. खुर्च्या आल्यावर पुढचा प्रश्न तर्कशुद्धपणेच उभा राहिला: कोणत्या खुर्चीवर कोण? ठराव झाला की, पहिल्या वेळी जो जिथे आणि ज्याच्या शेजारी बसला होता, त्याने तिथेच आणि त्याच्याच शेजारी बसावं, आणि तसं स्वयंघोषणापत्र सहीनिशी द्यावं. ग्रीसमध्ये स्वयंघोषणापत्र दिल्याशिवाय कोंबडीसुद्धा अंडं घालत नाही, त्यामुळे याला कुणी हरकत घेतली नाही. हरकती आल्या त्या बसताना.

घटस्फोट घेतलेली जोडपी पुन्हा शेजारी आली. जमिनीच्या बांधावरून कोर्टात भांडणारे दोघे भाऊ तेव्हा एकाच खुर्चीत बसले होते. आता एकाच खुर्चीत मावेनात, पण नियमापुढे इलाज नव्हता. जे हयात नव्हते त्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आणि त्यांच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवली नाही. समितीच्या सगळ्या कारभारात शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

"पापा, तुम्ही कुठे बसला होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

पापा-फोतिस त्या काळी पाद्री नव्हते, लग्नांच्या वाद्यवृंदात ढोल वाजवायचे. केस तेवढे तेव्हाही लांब होते. "मला काही आठवत नाही," ते म्हणाले.

"मागची रांग, कोपरा!" गच्चीवरून एक म्हातारी ओरडली. "आणि शेजारी पोलिक्सेनी!"

पोलिक्सेनीबाईंचे यजमान समोरच्याच गच्चीवर कलिंगड खात होते. त्यांनी चाकू खाली ठेवला.

"शास्त्रासाठी आहे हो," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या.

"तेव्हापण शास्त्रच होतं का?" यजमानांनी विचारलं.

अशा रीतीने समितीचे दोन सदस्य कोपऱ्यात, मधे हातभर अंतर ठेवून बसले. अथेन्सहून नट-नट्या येणार होते, पण सकाळीच वारा सुटला, बोटी बंद झाल्या, आणि ते पलीकडच्या बंदरात अडकले. ही बातमी मिल्तोसनेच खिडकीवर पाटी लावून दिली. मग कोट घातला, आणि तिसऱ्या रांगेत, तेव्हाच्याच जागी, येऊन बसला. हातात चीजची पुरी होती. नियम म्हणजे नियम.

आधी पहिला भाग दाखवला. लोक नेहमीसारखे नायिकेच्या मागे बघत हळहळले. अध्यक्ष त्यात दोर हातात घेऊन धक्क्यावरून बोटीवर उडी मारतात. टाळ्या पडल्या, सगळ्यात मोठ्या अध्यक्षांच्या.

मग दुसरा भाग सुरू झाला, आणि थोड्याच वेळात कुजबुज उठली.

"हे कोण? मी?"

"कॅमेरा रुंद आहे यांचा."

"माझे केस कापले यांनी!"

"केस त्यांनी नाही कापले, कोस्तांदिना. ते गेले."

पडद्यावर अध्यक्ष पुन्हा दोर घेऊन धक्क्यावर आले. उडीच्या जागी थांबले, पाण्याकडे पाहिलं, आणि दोराच्याच गुंडाळीवर बसले. थिएटरात कुणी हसलं नाही, कारण पुढचा नंबर प्रत्येकाचा होता. पडद्यावर नायक-नायिका काय करत होते, ते नक्की कुणालाच सांगता आलं नाही. बहुधा एकमेकांना माफ करत होते.

सिनेमा संपल्यावर समिती तिथेच बसली. चर्चा थोडकीच झाली.

"पहिल्यात जोम होता," अध्यक्ष म्हणाले. "यात लोक नुसते बसतात."

"पहिल्यात कातडीला तेज होतं," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, "म्हणजे, प्रकाशयोजनेला."

"पहिल्यात श्रद्धा होती," पापा-फोतिस म्हणाले. कोपऱ्यातून ते कुणाकडे बघून म्हणाले ते अंधारात दिसलं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तर समितीचा निष्कर्ष: दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. फलक लहान लावावा."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मिल्तोसने चीजची पुरी कागदात नीट गुंडाळली, कोटाच्या खिशात ठेवली आणि तो उठला. गच्च्यांवर कुणी कलिंगडसुद्धा खाईना.

"बस खाली," वरून आवाज आला.

सिनेमा दाखवायच्या खोलीच्या चौकोनी खिडकीत अर्गिरो उभी होती. "कुणीही उठायचं नाही. मी परत लावतेय."

"अर्गिरो, निष्कर्ष झालाय," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचा झालाय. थिएटर माझं आहे."

तिने पहिल्या भागातला तिकीट-खिडकीचा तुकडा लावला. तरणा मिल्तोस नायिकेला तिकीट देतो आणि तिच्या कानाजवळून पलीकडे बघतो. मग दुसऱ्या भागातला. पिकलेला मिल्तोस तिकीट देतो, आणि पुन्हा तसाच पलीकडे बघतो. तिने दोन्ही तुकडे परत लावले. मग परत.

"पोलिक्सेनी," ती वरून म्हणाली, "मान दुखणारा माणूस असा बघतो का गं?"

पोलिक्सेनीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. शास्त्रापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

"त्या खिडकीसमोर काय आहे रे, मिल्तोस?"

"तुझं फाटक," मिल्तोस म्हणाला.

"आणि शूटिंगच्या वेळी फाटकात कोण होतं?"

"तू. दोन्ही वेळा. कॉफीचा ट्रे घेऊन."

"मग गाढवा, मलम कशाला चोळत बसलास इतकी वर्षं?"

"तू विचारलं नाहीस," मिल्तोस म्हणाला. "आणि पोलिक्सेनीबाईंना वाईट वाटलं असतं."

अर्गिरोने मशीन बंद केलं. मग म्हणाली, "समितीने लिहून घ्यावं. एवढा तुकडा पहिल्यासारखाच आहे. आणि मला एवढाच पुरे." खिडकी बंद करता करता तिने पुन्हा डोकं बाहेर काढलं. "ती पुरी फेकून दे, गार झाली असेल. वर ये, गरम देते."

लग्न रविवारी झालं. दोन्ही मुकुट पापा-फोतिस यांनी चढवले आणि ढोलही त्यांनीच वाजवला.

राहिला प्रश्न निष्कर्षाचा. एक साक्षीदार अनुकूल निघाल्याने समितीला तो बदलणं भाग होतं. बराच खल झाल्यावर सुधारित निष्कर्ष असा कळवण्यात आला: 'दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे, प्रेक्षक नाहीत.' प्रादेशिक कार्यालयाने तो मान्य करून मोठा फलक मंजूर केला आणि त्याखाली एक नियम कोरून पाठवला. आमच्या बेटावर आता तो सगळ्या गोष्टींना लागू आहे, सिनेमा, कॉफी, नवरा-बायको, समुद्र, सगळ्यांना. 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही' अशी तक्रार कुणालाही करता येते. फक्त तक्रारीसोबत तक्रारदाराची स्वतःची त्या काळातली मूळ प्रत हजर करावी लागते.

अजून एकही तक्रार दाखल झालेली नाही. तुम्ही सिनेमा बघायला येणार असाल तर जरूर या, तिकीट मिल्तोसकडे मिळेल. तो तुमच्याकडे बघणार नाही, त्याचं मनावर घेऊ नका. आणि सिनेमा आवडला नाही, तर तसंही मोकळेपणाने सांगा. येताना तेवढी तुमची मूळ प्रत घेऊन या, घरात सापडली तर.