टाकीला हात लावायचा नाही

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावाला समुद्र नाही आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलंही नाही. तरी २००४ साली मी तो घरात आणायचं ठरवलं. (मी कारकून आहे. ठरवायला मिळतं ते असंच काहीतरी.) माझा मेहुणा शिवहार कोचीनला जहाजाच्या कंपनीत. त्यानं काचेची टाकी, पंप, समुद्री मिठाचं पोतं आणि एक जिवंत प्रवाळ आणून दिलं. खाली दगड, वर हिरव्या कळ्या.

"दाजी, हे शिकाऊ माणसासाठीच असतंय," तो म्हणाला. "लई चिवट. नुसतं खारेपण बराबर ठेवा."

पंधरा दिवस ते छान फुललं आणि मग मिटलं. मी काळजीला लागलो. दिवसातून चारदा टाकीत हात. दिव्याजवळ सरकवलं, पंपाजवळ सरकवलं, उपाशी असेल म्हणून सुकटीचा चुरा भरवला. पाणी आटलं की मीठ कालवलेलं पाणी ओतायचो, कारण समुद्र म्हणजे मीठ, एवढं मी शाळेतच शिकलो होतो. कळ्या आक्रसून हरभऱ्याएवढ्या झाल्या.

माझी बायको सीमा ते रोज बघत होती. "दसऱ्याला शिवहार येऊन राहिला," ती म्हणाली. "तवर हा धोंडा उघडला तर ठीक. न्हाई तर टाकी त्याच्यासंग वापस. तिथं माझी शिलाई मशीन बसती."

मी बरं म्हणालो, पण मनातून हबकलो. टाकी गेली तर त्या घरात माझं म्हणून काय उरणार होतं? दाढीचा ब्रश.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे अख्खं घर धुऊन निघतं. देवघराची भिंत काही वाळली नाही, म्हणून आईनं घट टाकीच्याच टेबलावर बसवला. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध पाण्याचं मडकं. मी सवयीनं बाही वर केली.

"हात मागं घे," आई म्हणाली. "टेबलाचा पाय आखूड हाय. तू टाकीत हात घातला की घट हलतोय. बसलेला घट नऊ दिवस हलवायचा न्हाई."

"अन् पाणी आटलं तर?"

"मी घटाला रोज शिंपडतेच की. तांब्यात उरलं ते यालाबी ओतीन."

"आडाचं गोडं पाणी? आई, त्यात मीठ पाहिजे."

"काहून? आमटी आटली तर मीठ घालतेत का पाणी?"

शाळेत याबद्दल काही शिकवलं होतं का ते मी आठवून पाहिलं. शिकवलं नव्हतं.

नऊ दिवस मी खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसलो. पाचव्या दिवशी कळ्या फुगल्यासारख्या वाटल्या. आठव्या दिवशी घटातले गहू वीतभर झाले, आणि नवव्या दिवशी सकाळी प्रवाळ पूर्ण उघडलं. पंपाच्या पाण्यात त्याचे हिरवे धागे डोलत होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मी गल्लीतल्या प्रत्येक दारावर थाप मारली. दूध घालणारी पेमा तर चरवी खाली ठेवून हात जोडून उभी राहिली.

दसऱ्याला शिवहार आला आणि टाकीसमोर बसूनच राहिला. "दाजी, कोचीनला पण एवढं फुललेलं न्हाई पाहिलं. केलं काय तुमी?"

मी घसा साफ केला. सगळी गल्ली ऐकत होती.

"काहीच न्हाई केलं," सीमा माझ्या आईकडे बोट दाखवून म्हणाली. "आत्यांनी नऊ दिवस करूच दिलं न्हाई."

तरी टाकी राहिली, जागेवर राहिली, आणि शिलाई मशीन आजही न्हाणीशेजारी आहे. मी जिंकलो होतो. पुढे दोन आठवडे मी गावातून मान ताठ ठेवून फिरलो.

मग दिवाळी आली. चकल्या तळायला घेतल्या तेव्हा वास काढत मी स्वयंपाकघरात गेलो. पिठात मीठ बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं. सीमानं माझ्याकडे पाहिलं आणि आईला हाक मारली.

"आत्या, ते घटाचं मडकं जरा इकडं आणून बसवा. हे आलेत."