बाळाची वजाबाकी

बाळंतपणानंतर वजन उतरवणं म्हणजे काही फार मोठं काम नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. "रजा संपायच्या आत जुन्या पॅन्टमध्ये शिरते की नाही, बघाच!" रजा संपत आली. पॅन्ट मांडीपर्यंत चढायची आणि तिथेच रुसून बसायची! पण एवढी बढाई मारल्यावर माघार कशी घ्यायची? नवऱ्याने वजन विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "चोपन्न! अगदी पूर्वीएवढं!" खरा आकडा बासष्ट होता, पण ती गोष्ट माझ्यात आणि वजनकाट्यात होती.

परवा नवऱ्याच्या मनात आलं, की तीन महिन्यांच्या बाळाचं घरीच वजन करावं.

"सोपं आहे! तू त्याला घेऊन काट्यावर उभी राहा. जे येईल त्यातून तुझे चोपन्न वजा करतो."

मी नको-नको म्हणेपर्यंत सासूबाईंनी बाळ माझ्या हातात दिलंसुद्धा. नवरा खाली वाकला.

"अडुसष्ट. वजा चोपन्न... चौदा! आई, बाळ चौदा किलोचं झालंय!"

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, पाजतेस तरी काय त्याला?"

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

नवरा लगेच स्वतः चढला. "माझं बरोबर दाखवतोय! तू एकटी उभी राहा बघू."

"आत्ता? आत्ताच जेवलेय मी!"

"जेवून असं कितीसं वाढणार?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

कुठलं तत्त्व, ते मलाही माहीत नव्हतं. तोवर त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला होता. "मागच्या महिन्यात पाच होतं हो, आज चौदा!"

अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात! सासूबाईंनी वाटेतच जाहीर केलं, "आजपासून त्याचं दूध कमी." माझ्या थापेपायी लेकराची उपासमार? छे! गेलं खड्ड्यात ते चोपन्न! मी तोंड उघडणार, एवढ्यात डॉक्टरबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं.

"सहा किलो. उत्तम!"

"अशक्य!" नवरा ओरडला. "मग उरलेले आठ किलो गेले कुठे?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. "गेले कुठेच नाहीत. तेच तर दुखणं आहे!"

सासूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं बाई! म्हणजे बाळसं आईने धरलंय होय!"

बाहेरच्या बाकांवर जो हशा पिकला, तो मला जन्मभर ऐकू येणार आहे.

घरी येताना नवरा सारखा माझ्याकडे निरखून बघत होता. मी घाबरत विचारलं, "रागावलास?"

"छे गं. फक्त एक विचारायचं होतं. लग्नाआधी तू तुझं वय सांगितलं होतंस ना..."

"बाळ रडतंय!" मी म्हणाले.

बाळ गाढ झोपलं होतं.