इनासकाकांचा ओव्हरड्राइव्ह

इनासकाकांना उमेळे गावात लोक पायांवरून ओळखतात. पाय सोडले तर काका त्यांच्या जुन्या विलायती गाडीखाली असतात. पोस्टमन पत्र पायांशी ठेवतो, मासेवाली पायांशीच घासाघीस करते. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या नव्या फादरांनी पहिलं पवित्र पाणी शिंपडलं तेही पायांवरच. खालून आवाज आला, "फादर, पानी जपून. वायरी उघड्या हायेत."

मी त्यांच्या वाडीला लागून उठलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो. शाळेत गणित शिकवतो, म्हणून मला यंत्रातलंही कळलंच पाहिजे असं काकांचं मत. मला कळतं ते एवढंच, की त्या गाडीला चार गिअरांच्या वर ओव्हरड्राइव्ह नावाची एक सोय आहे. हमरस्त्यावर चौथ्यात वेग आला की स्टिअरिंगजवळचं बटण दाबायचं. गाडी तशीच पळते, पण इंजिनाची धाप कमी होते. ही सोय कित्येक वर्षं बिघडलेली आहे.

काकांची शिस्त ठरलेली. "आधी वायर, मग तेल, गिअरची पेटी उघडायची शेवटी." माझ्या तापालाही त्यांनी हाच क्रम लावला. आधी झोप, मग पोट, डॉक्टर शेवटी. मी तीन दिवस फणफणत होतो.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की ते मला हाक मारतात. मी ड्रायव्हरच्या जागी बसतो, इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवतो, चौथा गिअर टाकतो. खालून "दे" आलं की बटण दाबून "दिलं" म्हणून ओरडतो. ओव्हरड्राइव्हपाशी टक वाजला तर वीज पोचली. तो कधीच वाजत नाही. हे काम पूर्वी फिलोमिनाकाकी करायच्या, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि त्यांची जागा माझ्या गळ्यात पडली.

मागच्या महिन्यात एका गॅरेजवाल्याला मी सहज विचारलं. तो हसायला लागला. "सर, टक तपासायला बॅटरीवरून एक वायर थेट लावायची. एकट्याचं काम आहे, पाच मिनिटांचं."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षांचे रविवार म्हणजे काय चेष्टा आहे? पुढच्या रविवारी मी तणतणतच गाडीत बसलो आणि काकांना ते सगळं ऐकवलं.

"ठाऊक हाय," ते खालून म्हणाले. "ती गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी एकट्यानं केलं. वायर झिजली होती, ती बदलली. टक वाजला."

"मग आता का वाजत नाही?"

"तू यायच्या आधी मी ती सोडून ठेवतो."

मी दारातून खाली वाकलो, तर नुसते पायच दिसले.

"तेव्हा टक वाजला आनि मी खालून वरडलो, वाजला गं फिलू," काका म्हणाले. "वर कोनच नव्हतं, मास्तर."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि स्वतःची लाज वाटली. खाली थोडी खुडबुड झाली. त्यांनी वायर जोडली असावी. त्यांनी सांगायची वाट न पाहता मी चावी फिरवून, चौथा गिअर टाकून बटण दाबलं. टक स्वच्छ वाजला.

"वाजला, काका," मी वरून म्हणालो.

 खालून हलकेच आवाज आला, "परत एकदा सांग."