लेथला अहो म्हणणारे सातपुते

आमच्या हडपसरच्या कारखान्यात सातपुते माणसांना अरे-तुरे करतात आणि लेथ मशीनला अहो म्हणतात. सकाळी आठला आले की स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर, मूठ कानाला. "काय हो, आज बरं नाही का?" वय सहासष्ट, निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेतलेले. मी त्यांचा मॅनेजर. ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना मान्य आहे.

मालकांचे चिरंजीव परदेशातून शिकून आले आणि त्यांनी मशीनांना सेन्सर बसवले. पाठोपाठ फर्मान: पासष्टीपुढचं कुणी नको. सातपुत्यांना द्यायचं पत्र माझ्याच खणात. मी शूर माणूस, चार दिवस खण उघडलाच नाही.

पाचव्या दिवशी सातपुत्यांनी तीन नंबरचा लेथ बंद केला. "बेअरिंग जाणार."

"काका, सेन्सरच्या स्क्रीनवर हिरवं दिसतंय," मी म्हणालो.

"सिग्नलही हिरवा असतो. म्हणून काय पुण्यात डोळे मिटून रस्ता ओलांडतोस?"

लेथ उघडला. बेअरिंगला चांगली नखभर चीर! आणखी तासभर चालला असता तर अख्खा स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरता कणाच, गेला असता. सातपुते हात पुसत म्हणाले, "स्क्रीनला चहा पाजा. दमली असेल."

मी ते बेअरिंग चिरंजीवांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ओके, त्यांना कन्सल्टंट करू. फुल पगार. यायची गरज नाही, अडलं तर फोन करू."

मी उड्या मारतच खाली आलो. "काका, जिंकलात! घरबसल्या पगार!"

सातपुते खालीच बसले.

"पगार अर्धा कर," ते हळूच म्हणाले, "पण मला यायला लाव."

"अहो, पण का?"

"इथे दहा मिनिटं उशीर झाला तर तू फोन करून बोंबलतोस. घरी, ही गेल्यापासून, मी सकाळी उठलो की नाही हे कळायला कुणी नाही रे."

इतकी वर्षं मी त्या फोनवर त्यांना नुसता झापत होतो.

वर जाऊन चिरंजीवांशी तासभर भांडलो. नवं पत्र मीच टाइप केलं. पगार पूर्ण, हजेरी रोज सकाळी आठला. खाली एक अट स्वतःच्या हातानं लिहिली: पाच मिनिटं उशीर झाला तर फोन येईल, दहा मिनिटांनी मी स्वतः घरी येईन.