शब्दकोशावर दाजी तख्तनशीन झाले त्याची हकिकत

स्वस्ति! सुई, दोरा, खळ आणि पुठ्ठा यांचे राज्य अखंड नांदो. पुस्तकबांधणीच्या दीड खोलीच्या कारखान्यात जो रणसंग्राम जाहला, तो यथामती लिहिला आहे, पदरचे काडीमात्र घातले नाही. दाजींच्या वजनाचा आकडा तेवढा अदबीखातर गाळला आहे.

कारखान्याचे धनी दादासाहेब, आणि त्यांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, शिवण्याच्या कामी सरलष्कर, आणि आक्कासाहेबांचे यजमान ते दाजी. दाजींची नोकरी सुटली तेव्हापासून ते नित्य दुकानी येऊन दुरुस्तीची पुस्तके फुकट वाचीत. मग एके दिवशी त्यांनी ओल्या बांधणीच्या गठ्ठ्यास बाक समजून त्यावर बैठक मारिली आणि खळ चहूबाजूंनी बाहेर येऊन अवघे कवितासंग्रह एकमेकांस कायमचे बिलगले. तेव्हा फर्मान सुटले की, दाजींनी दाराजवळच्या खुर्चीवर असावे, कशास हात लावू नये, आणि विशेषेकरून कशावर बसू नये. तेव्हापासून दादासाहेबांचे दाजींशी बोलणे खुंटले. जे सांगणे ते आक्कासाहेबांचे मार्फत. ‘आक्का, त्यांना म्हणावं पाय आत घ्या,’ एवढाच काय तो व्यवहार. दाजी हसून पाय आत घेत, पण या दुकानात आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, हे त्यांस फार लागे.

ऐसे असता एका निवृत्त बाईंचा जाडजूड शब्दकोश बांधणीस आला. बाई त्याच सायंकाळी लेकाकडे दूरदेशी कायमच्या निघणार होत्या. फर्मे शिवून जाहले, कणा गोल केला, कापड चढविले, अस्तर डकविले आणि मग ग्रंथ शिकंज्यात घालून दादासाहेबांनी दाबाचा दांडा फिरविला, तो मळसूत्र कडाडून तुटले. कारखान्यात हाहाकार उडाला. ओला पुठ्ठा दाबाविना राहिला तर वाळता वाळता होडीसारखा वाकणार, हे ठरलेले. इस्त्री, खलबत्ता, पाण्याचा हंडा अशी कुमक धावली, परंतु कोशाचे पोट मोठे, सगळी फौज घसरून जमिनीवर आली. मग आक्कासाहेबांची नजर दाराकडे वळली.

‘अगं आक्का, नको! मागचं विसरलीस का?’

‘विसरले नाही. पण एवढा ऐवज दुसरा आहे का आपल्याकडे?’

मग नाइलाजाने दोन फळ्यांमध्ये शब्दकोश ठेवून दाजींस तख्तनशीन केले, आणि हुकूम जाहला की, हलू नये, डुलू नये, चहा मागू नये. दाजींनी तो शिरसावंद्य केला. पायांस मुंग्या आल्या, माशीने नाकावर तळ दिला, खुर्चीवर राहिलेला मोबाईल ओरडून ओरडून दमला. दाजी ढळले नाहीत. परंतु दुपारच्या प्रहरी निद्रेने दगा केला. दाजी घोरू लागले आणि घोरता घोरता डावीकडे कलू लागले.

हा प्रसंग मोठा बाका. कलू द्यावे तर पुठ्ठा एका अंगाने वाकणार. हाक मारावी तर दाजी दचकून उठणार आणि सारेच मुसळ केरात जाणार. तेव्हा दादासाहेब चपला काढून हलकेच फळीशी बसले आणि त्यांनी दाजींस आपला खांदा दिला. मग गिऱ्हाइके आली आणि गेली, खांदा बधिर झाला, सदरा दाजींच्या घामाने भिजला, तरी दादासाहेब जागचे उठले नाहीत. आक्कासाहेबांनी हे पाहिले आणि तोंड फिरवून सुईत दोरा ओवीत राहिल्या. दोरा काही केल्या ओवला जाईना.

सायंकाळी बाई हजर झाल्या. दाजींस दोघांनी धरून उठविले. फळी काढली, तो पुठ्ठा सरळ, कोपरे चोख, कणा ताठ. बाईंनी कोश उघडला, मिटला, छातीशी धरला आणि म्हणाल्या, ‘आता हा माझ्या आधी म्हातारा व्हायचा नाही.’

आक्कासाहेब यजमानांचे पाय चोळीत होत्या. तेव्हा दादासाहेब कोणाच्याही मार्फत न जाता, खांदा दाबीत, समक्ष बोलले, ‘दाजी, उद्या जरा लवकर या. दोन ओले गठ्ठे दाबायचेत.’

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुढे शिकंजा दुरुस्त होऊन आला. त्यास दाराजवळ, जेथे पूर्वी खुर्ची होती, तेथे जागा दिली आहे.