वडस आणि बंब

"अगं, आणखी पुढे सरकलंय!" पत्रेवाला आरशाला नाक टेकवून ओरडला.

"घटकाघटकेला बघत राहिलात तर तेच घाबरून सरकेल," बायको म्हणाली. "दवाखान्यात जाऊन एकदाचं दाखवून या."

उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूनं, गुलाबी मांसाची इवलीशी चोच आली होती. तेव्हापासून पत्रेवाल्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "याला वडस म्हणतात. जन्मभर छपरांवर उन्हात बसलात, त्याचं हे बक्षीस. बुबुळावर चढायला लागलं तर काढून टाकू. तोवर काळा चष्मा लावायचा."

त्याने घेतला तो चष्मा कोळशासारखा काळा. दुसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या छपरावर बसला, तेव्हा पत्र्याची तिरीप डोळ्यांना लागेना, पण स्क्रूची भोकंही दिसेनात. मग तो गुडघ्यांवर सरकत, हातांनी चाचपत काम करू लागला.

समोरच्या खिडकीतल्या मावशींनी हे पाहिलं मात्र, "अगं बाई! आंधळा चढलाय छपरावर! अहो, मागे सरू नका!"

"मला दिसतंय, मावशी!"

"बिचारा! किती स्वाभिमानी!" मावशींना गहिवरून आलं.

खाली गर्दी जमली. कुणी "डावीकडे!" म्हणे, कुणी "उजवीकडे!" पत्रेवाला कासावीस होऊन उभा राहिला, तर सगळे किंचाळले. खाली बसला, तर "चक्कर आली, चक्कर आली!" कुणीतरी फोन केला आणि घंटा बडवत आगीचा बंब आला. जवानांनी पत्रेवाल्याची शिडी काढून बाजूला फेकली, आपली लावली. त्यांचा प्रमुख वर चढला.

"काका, हात द्या."

"अहो, मला वाचवू नका!"

"असं बोलू नये, काका. घरच्यांचा विचार करा."

पत्रेवाल्याने वैतागून चष्मा काढला. "बघा! चांगलं दिसतंय मला. नुसतं वडस आहे. उन्हानं होतं."

प्रमुख वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहराच उतरला. "असं गुलाबी... नाकाच्या बाजूनं? मला वाटत होतं, माझं धुरानं झालंय. कुठला दवाखाना?"

"चौकात. औषधांच्या दुकानावर."

प्रमुख भराभर उतरला आणि बंबाच्या आरशात पापणी ताणून बघू लागला. मग बाकीचे जवानही आरशाशी रेटारेटी करू लागले. एकाला खरंच काही दिसलं, बाकीच्यांना भास झाला. आपली शिडी दुमडून सगळे बंबात चढले आणि घंटा वाजवत चौकाकडे सुटले. गर्दीही डोळे चोळत आपापल्या आरशांकडे पांगली.

पत्रेवाला छपराच्या कडेशी आला. त्याची शिडी खाली गवतात आडवी पडली होती.

"मावशी! अहो मावशी! वाचवा!"

"दिसतंय ना तुम्हाला?" मावशी फणकारल्या. "मग उतरा की बघून!"

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.